संध्याकाळी सहानंतरचे चावे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी डोंबिवलीत ११ वर्षं पाळणाघर चालवते. सकाळी ८ ते रात्री पावणेआठ. दीड ते सहा वर्षांची १४ मुलं, मदतीला दोन मावशी. एक मावशी साडेपाचला जातात, दुसऱ्या त्या वेळी ओटा-भांडी आवरत असतात. २ वर्षं ८ महिन्यांचा एक मुलगा जूनपासून येतो. गेल्या महिन्यात तो सहा वेळा चावला, बहुतेक वेळा संध्याकाळी. एका मुलीच्या गालावर दात उमटले. तिच्या आईने ग्रुपवर फोटो टाकला, आणि आता तीन पालक म्हणतात, त्याला काढा. तो फारसा बोलत नाही, बोटाने दाखवतो. परवा त्याला बाजूला ओढताना माझ्याकडून हाताला जोरात हिसका बसला. रडला, मग गप्प झाला. त्याच्या घरी सांगितलेलं नाही. तीन आठवडे मला धड झोप नाही, सकाळी बेल वाजली की धडधडतं. एक पालक म्हणाले, बालमानसतज्ज्ञांना बोलवा. ते येऊन नेमकं काय करतात? मुलाला तपासतात की मला? की त्याला काढून टाकणंच बरं?

ताई,

आधी हाताचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा हात मनगटाशी धरून हिसकला, तर कोपरातलं एक हाड त्याच्या पट्ट्यातून किंचित सरकू शकतं. सूज बहुधा नसते. मूल फक्त तो हात वापरत नाही, जरा वाकवून अंगाशी धरून ठेवतं आणि कुणी हलवायला गेलं की रडतं. डॉक्टर ते ओपीडीत मिनिटभरात बसवतात, पण घरी कुणी खटपट करू नये. परवापासून तो दोन्ही हातांनी खेळत, जेवत असेल तर बहुतेक काही झालेलं नाही. तरी त्याच्या आईबाबांना आजच सांगा, समोर बसून: "परवा संध्याकाळी त्याला दुसऱ्या मुलापासून बाजूला करताना माझ्याकडून हात जोरात ओढला गेला. हात नीट हलतोय, तुम्हीही बघा, वाटलं तर डॉक्टरांना दाखवा. असं पुन्हा होऊ नये म्हणून मी काय करतेय तेही सांगते." हे सांगणं सोपं नाही. पण त्यांना ते मावशींकडून किंवा दुसऱ्या पालकाकडून कळलं, तर पुढचं तुमचं कुठलंच म्हणणं त्यांच्या गळी उतरणार नाही, आणि त्या मुलासाठी तुम्हाला त्यांची गरज लागणार आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाळणाघरात सल्ला द्यायला आलेला तज्ज्ञ मुलाला तपासत नाही आणि तुम्हालाही तपासत नाही. तो तुमच्या खोलीतला दिवस बघतो: मुलं कशी येतात, कुठे गर्दी होते, कोण कधी एकटं पडतं, मोठी माणसं कधी थकतात. मग तुमच्याबरोबर आणि मावशींबरोबर बसून, त्या मुलाच्या वागण्याचा अर्थ काय असावा आणि तुमच्या हातात काय बदलण्यासारखं आहे, हे शोधतो. मुलाबरोबर आठवड्याचे साठ तास तुम्ही असता, तो तज्ज्ञ असतो फार तर दोन तास. म्हणून बदल तुमच्या हातून झाला तरच टिकतो. उपचार, तपासणी आणि ही सल्लामसलत ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एकाच माणसाने करू नयेत. तुमच्या झोपेचं औषधपाणी करणारा माणूस तुमच्या खोलीचा निरीक्षक झाला, तर तुम्ही दोन्हीकडे मोकळेपणाने बोलणार नाही.

अमेरिकेत ही पद्धत बरीच रुजली आहे. तिथे येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी २००५ मध्ये ४० राज्यांतल्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांची पाहणी मांडली. हजारात सुमारे ६.७ मुलांना वर्गातून काढलं जात होतं, म्हणजे बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या शाळांच्या तिपटीहून जास्त. जिथे शिक्षिकेला असा तज्ज्ञ नियमित भेटत होता, तिथे काढण्याचं प्रमाण कमी होतं. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध सरळ आहे. मूल काढलं की सुंठीवाचून खोकला गेला असं वाटतं, पण खोलीतली संध्याकाळ तशीच राहते आणि पुढच्या जूनमध्ये दुसरं कुणीतरी चावतं.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेला आहात ते आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: एक मावशी साडेपाचला जातात, दुसऱ्या ओट्याशी असतात, आणि चावे बहुतेक संध्याकाळचे. म्हणजे दिवसातल्या सगळ्यात कठीण दोन तासांत दीड ते सहा वर्षांच्या मुलांजवळ तुम्ही एकट्या. त्याच वेळी दर दहा मिनिटांनी बेल वाजते. सगळी मुलं माना वर करतात, एकाचे आईबाबा आलेले असतात, बाकीच्यांचे नाही. लोकल रखडली की ही वाट आणखी लांबते. बोलता न येणारं, चारला दूध-बिस्कीट खाल्लेलं, दुपारी कदाचित अर्धवट झोपलेलं मूल अशा वेळी काय करेल? दोन-अडीच वर्षांच्या वयात चावणं हे भुकेचं, दमल्याचं, गर्दीचं किंवा "माझं घेतलं" याचं बोलणं असतं. त्यात आकस शोधायला जाऊ नका. अर्थात हा आमचा पत्रावरून बांधलेला अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे नोंदीच सांगतील.

नोंद आजच सुरू करा. तज्ज्ञ मिळायला वेळ लागला तरी ही वही वाया जात नाही. साधी वही, एका घटनेला पाच-सहा ओळी: वाजले किती, तो कुठे होता, जवळ कोण होतं, आधीच्या दोन मिनिटांत काय झालं, नंतर मोठ्यांनी काय केलं, त्याने शेवटचं कधी खाल्लं, दुपारी किती वेळ झोपला. उदाहरणार्थ: "मंगळवार, ६.४०. दाराजवळची चटई. बेल वाजली, दोन मुलं उठून धावली, हा मागे. लाल गाडी दुसऱ्याने उचलली. दंडाला चावला. मी ओरडले, टीव्ही लावला. शेवटचं खाणं ४.१०. झोप ३५ मिनिटं." यात "मुद्दाम", "हट्टी", "हायपर" हे शब्द नकोत, डोळ्यांना दिसलं तेवढंच. दोन नोंदी लोक हमखास विसरतात: तो चावायला गेला पण चावला नाही ती वेळ, आणि अख्खी संध्याकाळ नीट गेली तो दिवस. त्या दिवशी काय वेगळं होतं, यातच निम्मं उत्तर असतं. दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

चावला त्या क्षणी काय करायचं, हेही मावशींसकट सगळ्यांचं एकच ठरलेलं असावं. आधी चावा बसलेल्या मुलाकडे जा. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम काही मिनिटं धुवा, गार कापड ठेवा. कातडी फुटून रक्त आलं असेल तर डॉक्टरकडे पाठवा आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का ते विचारा. चावणाऱ्याला एकच छोटं वाक्य, सपाट आवाजात, त्याच्या उंचीला बसून: "चावायचं नाही. दुखतं." मग त्याला काय हवं होतं त्याचा शब्द द्या: "गाडी हवी? 'दे' म्हण." त्याला दातांनी चावून दाखवणं, जिभेला मिरची लावणं, बाथरूममध्ये उभं करणं हे उपाय आपल्याकडे आजही मोठ्या खात्रीने सुचवले जातात. त्यातून मूल एवढंच शिकतं की मोठी माणसंही दुखवतात. नीट वागलं की तारा चिकटवायचे तक्तेही या वयाला उपयोगाचे नाहीत. संध्याकाळी सातला काय केलं की उद्या तारा मिळेल, हा हिशोब पावणेतीन वर्षांच्या डोक्यात बसत नाही.

संध्याकाळ बदलायची तर सगळ्यात आधी मावशींची वेळ बघा. सकाळी मुलं एकेक करून येतात, तेव्हा दोन माणसं निभावतात. एका मावशींना ९.३० ते ७ अशी वेळ चालते का विचारा. घरच्या अडचणीमुळे जमत नसेल तर फक्त ५.३० ते ७.३० साठी तिसरं माणूस शोधा. दोन तासांचा पगार द्यावा लागेल, पण तीन पालक निघून गेल्याने बसणारा फटका त्याहून मोठा आहे. ओटा-भांडी साडेसातनंतर. पावणेसहाला सगळ्यांना दुसरं खाणं: केळं, उपमा, छोटी पोळी-गुळाची गुंडाळी. शेंगदाणे, फुटाणे, चिवडा लहानांना नको, घशात अडकतात. टीव्ही बंद ठेवा. सगळी मुलं एकाच दिशेला एकमेकांना चिकटून बसतात आणि तुम्हाला दिसतं शांत, पण धक्काबुक्की तिथेच सुरू होते. मुलं दोन कोपऱ्यांत वाटा. एका कोपऱ्यात घमेल्यात पाणी आणि वाट्या, दुसरीकडे कणकेचा गोळा. हा मुलगा दारापासून लांबच्या कोपऱ्यात, तुमच्या हाताच्या अंतरावर. बेल वाजली की दार दुसऱ्या माणसाने उघडावं, तुम्ही जागचं उठायचं नाही. एवढं केलं आणि दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर आमचा अंदाज चुकलेला असेल आणि कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

आणि स्वतःचा हात आवरण्यासाठी एक खूण ठरवा. राग आला की बोलून समजावणं सुचत नाही, म्हणून ती आधीच ठरलेली हवी. "मावशी, पाणी बघा" असं म्हटलं की मावशींनी हातातलं टाकून मुलांमध्ये यायचं आणि तुम्ही दोन मिनिटं स्वयंपाकघरात जायचं, एवढाच अर्थ. कारण विचारायचं नाही. मावशींनाही हीच सोय, त्यांनी "ताई, पाणी बघा" म्हटलं की तुम्ही जायचं. मुलं मात्र क्षणभरही एकटी राहता कामा नयेत, म्हणून दुसरं माणूस आल्याशिवाय खोली सोडायची नाही.

आता तज्ज्ञ कुठून आणायचा. आपल्याकडे खासगी पाळणाघराला अशी सेवा तयार मिळत नाही, जुळवून आणावी लागते. अंगणवाडीत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तुमच्याकडे ते येणार नाही. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. मेडिकल कॉलेजच्या किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात काही ठिकाणी बालमार्गदर्शन विभाग असतो, तिथल्या मानसशास्त्रज्ञांना खासगीत भेट देणं शक्य आहे का विचारा. दुसरं, मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आणि निर्मला निकेतन इथे मानवविकास हा विषय आहे. तिथल्या शिक्षकांकडे लहान मुलांच्या वर्गात बसून काम केलेली माणसं कोण, याची चौकशी करा. तिसरं, तुमच्या भागातल्या तीन पाळणाघरांनी मिळून एकच तज्ज्ञ ठरवा. महिन्याच्या दोन भेटींचा खर्च वाटला जातो आणि तिन्ही ठिकाणच्या ताई एकत्र बसल्या की बोलणं जास्त खरं होतं. आम्हाला ही तिसरी वाट सगळ्यात टिकाऊ वाटते.

फोनवर विचारायचे प्रश्न: सहा वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर किती काम केलंय? पाळणाघरात किंवा बालवाडीत बसून निरीक्षण केलंय का, की फक्त क्लिनिकमध्ये? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक काय? आणि शेवटचा प्रश्न, "संध्याकाळी साडेपाच ते साडेसात येऊ शकाल का?" सकाळी ११ ला येणाऱ्याला तुमचं पाळणाघर आदर्श दिसेल. मुलं गाणी म्हणत असतील, तो कौतुक करून, एक छापील कागद देऊन जाईल. ही चूक इतकी सर्रास होते की या प्रश्नाला "नाही" आलं तर पुढे बोलूच नका.

कामाचा क्रम साधारण असा असतो. पहिली भेट तासाभराची, मुलांशिवाय, तुम्ही आणि दोन्ही मावशी. तिथे काय हवं आणि काय नको ते ठरतं. मग दोन निरीक्षणं, एक सकाळी मुलं सोडतानाची वेळ धरून, एक संध्याकाळची. त्यानंतर आठवड्याच्या आत एकत्र बसणं. तिथे तज्ज्ञाने निकाल सुनावू नये, तुमची वही आणि त्याचं निरीक्षण शेजारी ठेवून एक-दोन बदल ठरवावेत. दहा बदल सांगितले तर एकही होत नाही. पुढे दर पंधरवड्याला तासभर, साधारण तीन महिने. सहाव्या आठवड्याला वही उघडून मोजायचं: चावे किती, तुमचं ओरडणं किती, मावशींची रजा किती.

सुरुवातीलाच एक पानी लेखी करार करा, मराठीत. भेटींची संख्या, फी, फोनवर सल्ला मिळेल का, टिपणं कुणाकडे राहतील, पालकांशी कोण बोलणार (तुम्हीच, तज्ज्ञ परस्पर नाही), आणि गुप्तता. गुप्ततेला एक अपवाद स्पष्ट लिहा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तज्ज्ञाला आणि तुम्हालाही बंधनकारक आहे. या मुलाबद्दल नावानिशी बोलायचं असेल तर त्याच्या पालकांची लेखी संमती हवी. बाकीच्या पालकांना एवढंच कळवायचं की अमुक दिवशी बालविकासातली एक व्यक्ती खोलीत बसणार आहे. व्हिडिओ काढून दाखवायची गरज नाही.

त्याच्या बोलण्याचं मात्र वेगळं काम आहे आणि ते पालकांनी करायचं. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल स्वतःहून दोन शब्द जोडून बोलायला हवं, "दूध दे", "बाबा आले" असं. हा २ वर्षं ८ महिन्यांचा असून बोटावर भागवतोय, तेव्हा "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांकडे विकासाची तपासणी आणि आधी कानांची तपासणी. नीट ऐकू न येणारं मूलही असंच चिडतं. खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करायला सांगा, तिथे सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. पालकांशी हे दारात, चप्पल घालताना, दुसरे पालक उभे असताना बोलू नका. वेळ ठरवून बसवा आणि कुठल्याही आजाराचं नाव न घेता दिसलं ते सांगा: "तो बोटाने दाखवतो, दोन शब्द जोडत नाही, मागून हाक मारली तर दर वेळी वळत नाही." शेवटचं वाक्य खरंच तसं दिसलं असेल तरच. ऑटिझमचं किंवा कसलंही निदान तुम्ही उच्चारायचं नाही.

ग्रुपवरचा फोटो त्या आईला फोन करून काढून घ्यायला सांगा, ग्रुपवर वाद नको. मग तुमच्याकडून एकच निरोप: "या महिन्यात लहान गटात चावण्याच्या घटना झाल्या. या वयात असं होतं, तरी आम्ही ते गंभीरपणे घेतलं आहे. सोमवारपासून संध्याकाळी एक माणूस वाढवत आहोत आणि बालविकासतज्ज्ञांचा सल्ला घेत आहोत. तुमच्या मुलाबद्दल काही असेल तर मला फोन करा, दुसऱ्या मुलाबद्दल मी बोलणार नाही." नाव सगळ्यांना माहीत असलं तरी तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. उद्या त्यांच्या मुलाची वेळ आली तर तुम्ही त्याचंही नाव झाकाल, हे त्यांनाही कळतं.

आणि तुमचं स्वतःचं. तीन आठवडे झोप नाही आणि बेल वाजली की धडधड, हे "टेन्शन आहे जरा" म्हणून सोडून देण्यासारखं नाही. याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांगा. ही दोन्ही बिघडली की दमणूक, चिडचिड आणि धडधड वाढते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट न बघता घरच्या माणसाला उठवा आणि हाच क्रमांक लावा. हे सगळं तुमच्यासाठी आहे, पाळणाघराचा तज्ज्ञ यात येत नाही.

मावशींना यातून वगळू नका. त्यांनाही चावे बसत असतील, पालकांची बोलणी त्याही ऐकतात, आणि सोडून जायचा विचार बहुधा त्यांच्या मनात तुमच्याआधी येतो. आठवड्यातून एकदा, सगळी मुलं गेल्यावर, चहा घेत पंधरा मिनिटं बसा. त्या पंधरा मिनिटांचा पगार द्या.

त्याला काढायचं का? आत्ता नाही. संध्याकाळचं माणूस, खाणं, कोपरे आणि तज्ज्ञाच्या भेटी यांना सहा ते आठ आठवडे द्या. त्यानंतरही चावे तितकेच आणि तितकेच खोल असतील, किंवा संध्याकाळी दुसरं माणूस ठेवणं तुम्हाला खरोखरच परवडत नसेल, तर त्याच्या पालकांना स्पष्ट सांगा की त्याला इतकं लक्ष देणं तुमच्या जागेत शक्य नाही. महिनाभराची मुदत द्या, कमी मुलं असलेली जागा शोधायला मदत करा, आणि त्यांची हरकत नसेल तर तुमची वही नव्या ताईंना द्या.

तज्ज्ञ कामाचा आहे की नाही, हे दुसऱ्या भेटीनंतर कळतं. तोवर तो त्या मुलाबद्दलच बोलत असेल, संध्याकाळी किती माणसं असतात हे त्याने विचारलं नसेल आणि मावशींना एकही प्रश्न केला नसेल, तर तिसरी भेट ठरवू नका.